राग योग्य पत्त्यावर

२९ सप्टेंबर २०२४. रविवारचा दिवस. चेन्नईच्या राजभवनात व्ही. सेंथिल बालाजी यांनी तमिळनाडूचे मंत्री म्हणून पुन्हा शपथ घेतली. तीनच दिवसांपूर्वी, २६ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला होता. त्याआधी, पैसे घेऊन सरकारी नोकऱ्या दिल्याच्या आरोपातून उभ्या राहिलेल्या मनी लाँडरिंगच्या खटल्यात पंधरा महिन्यांहून अधिक काळ ते कोठडीत होते. जामिनाच्या अटींनुसार दर सोमवारी आणि शुक्रवारी त्यांनी ईडीच्या चेन्नई कार्यालयात हजेरी लावायची होती. म्हणजे आठवड्यातून दोनदा आरोपी म्हणून हजेरीची सही आणि बाकीच्या दिवसांत वीज, मद्यनिषेध व उत्पादन शुल्क या खात्यांच्या फायलींवर मंत्री म्हणून सही.

अशा नेमणुकीनंतर लोक संतापतात. विरोधक पत्रकार परिषदा घेतात, वाहिन्यांवर चर्चा रंगतात, जुनी भाषणे शोधून काढून फिरवली जातात. चार दिवसांनी दुसरा विषय येतो आणि मंत्री खात्यात रुळतात. म्हणून अनेक जाणकार मंडळी या संतापाला फेस म्हणून झटकून टाकतात. त्यांचे म्हणणे आम्हाला मान्य नाही. आपल्या राज्यघटनेने मंत्र्यांच्या नेमणुकीत लोकांच्या प्रतिक्रियेला जाणूनबुजून जागा ठेवली आहे. अडचण एवढीच, की तो राग बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर, चुकीच्या दिवशी आणि चुकीच्या शब्दांत निघतो.

डिसेंबर १९४८ च्या अखेरीस संविधान सभेत मंत्रिमंडळाच्या कलमांवर चर्चा चालू होती. के. टी. शहा यांनी दुरुस्ती मांडली, की लाचलुचपतीसारख्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या व्यक्तीला मंत्री करता येऊ नये आणि हे घटनेतच लिहावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हेतूला विरोध केला नाही. सभागृहातला एकही सदस्य या हेतूशी असहमत होणार नाही, असेच ते म्हणाले. पण अशा पात्रता-अपात्रतांची यादी घटनेत घालावी का, असा त्यांचा प्रश्न होता. पंतप्रधान, विधिमंडळ आणि मंत्र्यांच्या व विधिमंडळाच्या वागण्यावर नजर ठेवणारी जनता, या तिघांवर विश्वास टाकणे पुरेसे नाही का, असे त्यांनी विचारले. दुरुस्ती नामंजूर झाली.

म्हणजे बाबासाहेबांनी दारावर तीन पहारेकरी उभे केले. पहिला पंतप्रधान, राज्यात मुख्यमंत्री. कलम १६४ प्रमाणे मंत्र्यांची नेमणूक राज्यपाल करतात, पण मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने. मुख्यमंत्र्यांचे पत्र गेले की राज्यपालांना नावे गाळता येत नाहीत. घटनेने मुख्यमंत्र्यांवर घातलेली बंधने थोडीच आहेत. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर बांधली. महाराष्ट्राच्या विधानसभेत २८८ जागा असल्याने हा आकडा ४३ वर थांबतो. आमदार नसलेल्याला मंत्री केले, तर त्याला सहा महिन्यांत निवडून यावे लागते. खटले, आरोप, चारित्र्य याबद्दल घटनेत एक ओळही नाही. आघाडीच्या राजकारणात या ४३ जागांची वाटणी पक्षप्रमुखांच्या बैठकीत होते आणि मुख्यमंत्र्यांच्या हाती तयार यादी येते. दुसरा पहारेकरी विधिमंडळ. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी आली, तेव्हापासून सत्ताधारी आमदाराने आपल्याच मंत्रिमंडळावरच्या अविश्वासाला साथ दिली तर आमदारकी धोक्यात येते. हा पहारेकरी जागा असला तरी त्याचे हात बांधलेले आहेत. उरला तिसरा, म्हणजे आपण.

आता तिसऱ्याचे नेमके कुठे चुकते, ते पाहू.

पहिली चूक पत्त्याची. घोषणा असतात त्या मंत्र्याच्या नावाने, नाहीतर राज्यपालांनी शपथ का दिली म्हणून. राज्यपालांकडून अपेक्षा ठेवली की काय होते, हे याच प्रकरणात दिसले. १४ जून २०२३ ला ईडीने बालाजी यांना अटक केली. सरकारने त्यांना बिनखात्याचे मंत्री म्हणून ठेवले. २९ जूनला राज्यपाल आर. एन. रवी यांनी मुख्यमंत्र्यांचा सल्ला नसताना त्यांना बडतर्फ केल्याचे जाहीर केले आणि काही तासांतच तो आदेश स्थगित ठेवला. त्यांना तो अधिकार पोचतच नव्हता. निष्पन्न काय झाले? मूळ प्रश्न होता, कोठडीतला माणूस मंत्री का? त्या रात्रीपासून तो प्रश्न मागे पडला आणि राज्यपाल विरुद्ध निवडून आलेले सरकार, असा नवा वाद पेटला. मुख्यमंत्र्यांना उत्तर देण्याची गरजच उरली नाही.

मग लोक उच्च न्यायालयात गेले. मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती तेव्हा आपल्या मराठवाड्यातून गेलेले न्या. एस. व्ही. गंगापूरवाला होते. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांच्या खंडपीठाने सांगितले, की कोठडीतल्या बिनखात्याच्या मंत्र्याचा काही उपयोग नाही आणि कारभाराच्या शुद्धतेला हे शोभत नाही. पण त्यांना ठेवायचे की नाही, हे मुख्यमंत्र्यांनी ठरवावे. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये राजीनामा आला. न्यायालयाने पत्ता अचूक सांगितला होता. त्या पत्त्यावर मात्र फारसे कोणी गेले नाही.

न्यायालय हात आखडता घेते याचे कारण कायद्यात आहे. 'अधिकारपृच्छा' हा रिट अर्ज तेव्हा चालतो, जेव्हा पदावरचा माणूस कायद्याने अपात्र असतो. याचे ठळक उदाहरणही तमिळनाडूचेच. ऑक्टोबर २००० मध्ये जयललिता यांना तान्सी या सरकारी महामंडळाच्या जमीन प्रकरणात शिक्षा झाली. त्यामुळे २००१ च्या निवडणुकीत त्यांचे उमेदवारी अर्ज बाद ठरले. पक्ष जिंकला आणि १४ मे २००१ ला त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. २१ सप्टेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती नेमणूक रद्द केली. लोकांनी कौल दिला आहे, हा युक्तिवाद तिथे चालला नाही. घटनेने अपात्र ठरवलेल्याला लोकांचा कौलही पात्र करू शकत नाही. पण तिथे शिक्षा झालेली होती. खटला नुसता चालू असेल, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ८ लागू होत नाही आणि अधिकारपृच्छेचा अर्ज दारातच पडतो. हे माहीत नसल्याने दर वेळी कोणीतरी घाईने जनहित याचिका दाखल करतो, ती फेटाळली जाते आणि दुसऱ्या दिवशी मंत्र्यांचे समर्थक 'न्यायालयाने निर्दोष ठरवले' असे फलक लावतात. न्यायालयाने नेमणुकीला हात लावला नाही एवढाच त्या निकालाचा अर्थ असतो, पण चौकात तो असा वाचला जातो. फेटाळली जाणारी याचिका अशी उलट अंगावर येते.

२७ ऑगस्ट २०१४ चा मनोज नरुला खटल्याचा निकाल या साऱ्याच्या मुळाशी आहे. त्या घटनापीठात आपले नागपूरचे न्या. शरद बोबडे होते. पीठाने नवी अपात्रता घालायला नकार दिला, कारण ते संसदेचे काम. पण पंतप्रधान आणि मुख्यमंत्री यांच्याकडे हा अधिकार विश्वस्ताच्या नात्याने आहे, असे सांगून गंभीर गुन्ह्यांत ज्यांच्यावर आरोप निश्चित झाले आहेत, त्यांना मंत्रिमंडळात घेऊ नये, अशी अपेक्षा व्यक्त केली. के. टी. शहांना बाबासाहेबांनी दिलेले उत्तरही त्या निकालात सविस्तर आले आहे.

आरोप 'निश्चित' होणे म्हणजे काय, इथे दुसरी चूक सुरू होते. आपण 'आरोप असलेला मंत्री' असे सरसकट म्हणतो आणि समोरचा शांतपणे म्हणतो, 'आरोप काय, कोणावरही होतात.' तो खरे बोलत असतो. फौजदारी प्रकरणाच्या चार पायऱ्या आहेत. पहिली प्रथम खबर अहवाल, म्हणजे एफआयआर. तो कोणाच्याही तक्रारीवरून नोंदला जातो. दुसरी दोषारोपपत्र, ते तपास यंत्रणा दाखल करते. तिसरी आरोपनिश्चिती, इथे पहिल्यांदा न्यायाधीश कागद पाहतात, आरोपीच्या वकिलाचे ऐकतात आणि खटला चालवण्याइतका आधार आहे की नाही, हे ठरवतात. चौथी निकाल. पहिल्या दोन पायऱ्या पोलिसांच्या, म्हणजे पर्यायाने सरकारच्या हातात असतात. तिसऱ्या पायरीवर न्यायाधीशांची सही असते. म्हणून रेघ ओढायची तर तिसऱ्या पायरीवर ओढावी. विधी आयोगाने फेब्रुवारी २०१४ च्या २४४ व्या अहवालात उमेदवारांसाठी हीच रेघ सुचवली होती: पाच वर्षे किंवा अधिक शिक्षेचा गुन्हा आणि आरोपनिश्चिती. निवडणुकीच्या तोंडावर कोणाला अडकवले जाऊ नये, म्हणून अर्जांच्या छाननीआधीच्या एका वर्षातली आरोपनिश्चिती त्यात धरायची नव्हती.

ही रेघ लावली की चेन्नईतली नेमणूक स्पष्ट दिसते. मनी लाँडरिंगच्या खटल्यात बालाजी यांच्यावर आरोप निश्चित झाले ते ऑगस्ट २०२४ मध्ये. त्यांनी ते नाकारले. पुढच्याच महिन्यात शपथविधी झाला. त्या रविवारी मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांना विचारण्याचा प्रश्न एकाच वाक्याचा होता: सात आठवड्यांपूर्वी न्यायाधीशांनी ज्यांच्यावर आरोप निश्चित केले, त्यांच्याशिवाय वीज खाते सांभाळणारा आमदार आपल्या पक्षात नाही का? अशा प्रश्नाला 'राजकीय सूड' हे उत्तर पुरत नाही, कारण प्रश्नात ईडी नाहीच.

दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हा आक्षेप दर वेळी येतो. तत्त्व मोलाचे आहे, पण ते शिक्षेला लागू पडते. मंत्रिपद नाकारणे ही शिक्षा नव्हे. मंत्रिपदावर कोणाचाच हक्क नसतो. महाराष्ट्रात पोलीस शिपाई म्हणून निवड झालेल्या पोराला साक्षांकन नमुना भरावा लागतो. त्यात प्रलंबित गुन्ह्याची माहिती द्यावी लागते, मग चारित्र्य पडताळणी होते. गावातल्या हाणामारीत नाव आले असेल, तरी नेमणूक अडकते. तलाठी अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडीत राहिला, तर महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ च्या नियम ४ प्रमाणे तो निलंबित झाला असे मानले जाते. वेगळ्या कारणांची गरज नसते. त्याच महाराष्ट्रात २३ फेब्रुवारी २०२२ ला अटक झालेले नवाब मलिक जूनअखेर सरकार पडेपर्यंत मंत्री होते. खाती तेवढी दुसऱ्यांना वाटून दिली गेली. तलाठी आणि मंत्री या दोघांनाही निर्दोषत्वाचे गृहीतक सारखेच लागू आहे. मग कारभार विश्वासार्ह दिसावा म्हणून तलाठ्याला जे लागू होते, ते मंत्र्याला का नाही? २०११ मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्त पी. जे. थॉमस यांची नेमणूक रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच निकष धरला होता. प्रश्न व्यक्तीच्या दोषाचा नव्हता. त्या संस्थेची सचोटी टिकते का, हा होता.

खोट्या खटल्यांची भीती मात्र खरी आहे, तिला उडवून लावू नये. तपास यंत्रणा विरोधकांमागे लागतात आणि बाजू बदलली की थंडावतात, असा अनुभव देशाने पुरेसा घेतला आहे. या भीतीपोटीच रेघ अटकेवर न ओढता न्यायाधीशांच्या आदेशावर ओढायची. केंद्र सरकारने २० ऑगस्ट २०२५ ला लोकसभेत मांडलेले १३० वे घटनादुरुस्ती विधेयक इथे चुकते. पाच वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात सलग तीस दिवस कोठडीत राहिलेला मंत्री एकतिसाव्या दिवशी पदावरून जाईल, असे ते म्हणते. म्हणजे किल्ली अटक करणाऱ्याच्या हाती. शिवाय सुटका झाल्यावर त्याला पुन्हा मंत्री करायला विधेयकात मोकळीक आहे. हा कायदा २०२४ मध्ये असता, तरी २९ सप्टेंबरचा शपथविधी त्याने अडला नसता. विधेयक संयुक्त समितीकडे पाठवले गेले. त्यावर बोलताना ही त्रुटी सगळ्यात आधी मांडली पाहिजे.

आता तिसरी चूक, आणि आमच्या मते सर्वांत मोठी. लोकांचा राग पदाच्या मानावर असतो. त्या पदावरून खटल्याला कुठे कुठे धक्का लागू शकतो, याकडे फारसे कोणी बघत नाही. बालाजी यांच्यावरचा मूळ आरोप २०११ ते २०१५ या काळातला, जेव्हा ते अण्णा द्रमुक सरकारमध्ये परिवहन मंत्री होते. परिवहन महामंडळांत चालक, वाहक, कनिष्ठ कारागीर, अभियंता अशा नोकऱ्या पैसे घेऊन दिल्याचा तो आरोप. पुढे ते द्रमुकमध्ये आले आणि मे २०२१ मध्ये मंत्री झाले. त्याच वर्षी एका प्रकरणात तक्रारदार आणि आरोपी यांच्यात तडजोड झाली, या आधारावर मद्रास उच्च न्यायालयाने खटला रद्द केला. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला: सरकारी नोकरीसाठी लाच हा दोघांमधला खासगी व्यवहार नाही, त्याचा बळी समाज असतो, त्यात तडजोड चालत नाही.

आता या खटल्यातले साक्षीदार कोण असतील, याचा विचार करा. ज्यांनी पैसे दिल्याचे सांगितले ते उमेदवार. महामंडळातले कारकून, अधिकारी. म्हणजे राज्य सरकारच्या पगारावरची, नाहीतर त्या पगाराची आस धरून बसलेली माणसे. साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून त्यांनी ज्याच्याविरुद्ध बोलायचे, तो राज्याच्या मंत्रिमंडळात. धमकीचा एक शब्दही न उच्चारता साक्षीदार गप्प होऊ शकतो. सरकारी वकील कोण असावा, हे राज्य सरकार ठरवते. मंत्र्यावर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली खटला भरायला कलम १९ ची मंजुरी लागते. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तिचा निर्णय तीन महिन्यांत, कायदेशीर सल्ला हवा असेल तर आणखी एका महिन्यात व्हायला हवा. पण प्रस्ताव पोचल्याची तारीख कोणी विचारत नाही, आणि न विचारलेली फाईल पडून राहते. खटला मागे घेण्याचा अर्जही सरकारी वकीलच करतो. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३२१ होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३६०. या वाटेवर ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडसर घातला: आमदार-खासदारांवरचा खटला उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाही.

ही यंत्रणा समजली, की कोणत्या खात्यावरून भांडायचे तेही कळते. आंदोलक शेतकऱ्यांच्या अंगावर गाडी घातल्याच्या लखीमपूर खेरी प्रकरणात ऑक्टोबर २०२१ मध्ये मुलाला अटक झाल्यावरही अजय मिश्रा केंद्रात गृह राज्यमंत्री राहिले. ते स्वतः आरोपी नव्हते, हे खरे. तपासही राज्याच्या पोलिसांकडे होता. तरी केंद्रीय पोलीस दले ज्या खात्याच्या अखत्यारीत येतात, त्याच खात्याच्या दालनात आरोपीचे वडील बसलेले होते. तिथे 'राजीनामा द्या' ही मागणी अडली, तर 'खाते बदला' ही मागणी नेटाने लावून धरता आली असती. शपथेत मंत्री म्हणतो, की ममत्वभाव किंवा आकस न बाळगता सर्वांना न्याय्य वागणूक देईन. ज्या खात्यात त्याच्या ममत्वाची परीक्षा रोज होणार, ते खाते त्याच्याकडे असू नये, एवढे तरी त्या शपथेतूनच निघते.

सप्टेंबर २०२४ नंतर तमिळनाडूत जे घडले, त्याचा धडा मोठा आहे. नेमणूक रद्द करा म्हणून नव्हे, तर साक्षीदारांवर दडपण येईल, म्हणून जामिनाचा फेरविचार करा, असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात गेला. पीठ तेच होते, न्या. अभय ओक आणि न्या. ऑगस्टीन जॉर्ज मसीह. डिसेंबरमध्ये न्या. ओक यांनी विचारले, की आम्ही जामीन देतो आणि लगेच तुम्ही जाऊन मंत्री होता, मग साक्षीदारांना दडपण वाटणारच ना? २३ एप्रिल २०२५ ला पीठाने स्पष्ट सांगितले: पद की स्वातंत्र्य, सोमवारपर्यंत ठरवा. २७ एप्रिलला, रविवारीच, राजीनामा आला. न्यायालयाने मुख्यमंत्र्यांच्या अधिकाराला बोटही लावले नाही. अर्जदारांनी प्रश्न साक्षीदारांच्या बाजूने मांडला, म्हणून तो जामिनाच्या कक्षेत आला आणि म्हणूनच निकाली लागला. मुख्यमंत्र्यांचा सल्ला न्यायालयाच्या आवाक्याबाहेर असतो, जामिनाच्या अटी नसतात.

तेव्हा ज्यांना खरोखर काही करायचे आहे, त्यांनी सुरुवात मंत्र्याच्या शपथपत्रापासून करावी. निवडणूक अर्जासोबतचे नमुना २६ मधले शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते. त्यात प्रलंबित खटल्यांच्या तक्त्यात एफआयआर क्रमांक व पोलीस ठाणे, न्यायालय व खटला क्रमांक, कलमे, गुन्ह्याचे थोडक्यात वर्णन, आरोप निश्चित झाले का आणि झाले असल्यास कोणत्या तारखेला, एवढे रकाने असतात. बातमीत 'अमुक इतके गुन्हे' असा आकडा येतो, तो इथूनच. पण आकडा फसवतो. जमावबंदी मोडल्याचे, रास्ता रोकोचे दहा गुन्हे आणि फसवणुकीचा एक गुन्हा यांची बेरीज अकरा होते, अर्थ काहीच निघत नाही. आंदोलनातल्या गुन्ह्यांवरून कार्यकर्त्याला गुन्हेगार म्हणणारे लोक खऱ्या आरोपीला गर्दीत लपायला मदत करतात. म्हणून आधी कलमे पाहावीत, मग आरोपनिश्चितीची तारीख.

शपथपत्र उमेदवारीच्या दिवसापुरतेच असते. पुढची माहिती ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर मिळते. तिथे नावाने शोधले तर हमखास चुकते, कारण इंग्रजीत एकच नाव चार तऱ्हांनी लिहिलेले असते आणि अनेक आरोपी 'व इतर' मध्ये जातात. शपथपत्रातला एफआयआर क्रमांक, वर्ष आणि पोलीस ठाणे टाकून शोधावे. खटला सापडला की त्याचा सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक टिपून ठेवावा. त्यावर पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झाले आणि किती वेळा तारीख वाढली, हे सगळे दिसते. शपथपत्रात जाणूनबुजून माहिती दडवली असेल, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. रकाना कोरा सोडणेही चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले.

माहिती अधिकाराचा अर्ज बहुतेक जण चुकीचा करतात. 'यांना मंत्री का केले, त्याची कारणे द्या', असे विचारले की उत्तर येते, अशी माहिती अभिलेखात नाही. ते खरेही असते. मुख्यमंत्र्यांनी कारणे लिहायची पद्धतच नाही. गृह किंवा विधी व न्याय विभागाला तारखा विचाराव्यात: अमुक एफआयआरमध्ये खटल्याच्या मंजुरीचा प्रस्ताव विभागाला कोणत्या तारखेला मिळाला, त्यावर निर्णय कोणत्या तारखेला झाला. खटला मागे घेण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे का, हा वेगळा अर्ज करावा, कारण महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. शुल्क दहा रुपये, मुदत तीस दिवस. तपासात अडथळा येईल, या सबबीवर नकार आला तर अडथळा कसा येईल, याचे कारण मागत पहिले अपील करावे. तारीख सांगितल्याने तपास अडत नाही.

आणि आमदाराला पत्र लिहायचे तर आपल्या मतदारसंघातल्या सत्ताधारी आमदाराला लिहावे. विरोधी आमदार तसेही बोलणारच असतो. सभागृहात प्रकरण न्यायप्रविष्ट आहे म्हणून प्रश्न टळू नये, यासाठी खटल्याच्या गुणदोषांवर न विचारता मंजुरीच्या तारखेवर, सरकारी वकिलाच्या नेमणुकीवर आणि संबंधित फायली दुसऱ्या मंत्र्याकडे वळवल्या का, यावर तारांकित प्रश्न मागावा.

मुख्यमंत्र्यांकडे मागण्यासारखी एक गोष्ट मात्र तातडीची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १३ फेब्रुवारी २०२० च्या निकालाने पक्षांवर बंधन घातले, की खटले असलेला उमेदवार दिला तर तोच का, स्वच्छ उमेदवार का नाही, याची कारणे जाहीर करावीत. निवडून येण्याची क्षमता हे एकटे कारण चालणार नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे न पाळणाऱ्या पक्षांना दंडही ठोठावला, कोणाला एक लाख, कोणाला पाच लाख. पक्ष अजूनही एकच साचेबंद वाक्य अनेक उमेदवारांपुढे लावतात, हे खरे. पण कागद तरी तयार होतो आणि त्यावर पुढे बोट ठेवता येते. मंत्र्याच्या बाबतीत असा कागदच नाही. आमदारकीच्या तिकिटाला जे बंधन आहे, ते त्याहून कितीतरी मोठ्या अधिकाराच्या पदाला नाही. आरोपनिश्चिती झालेल्या व्यक्तीला मंत्री करताना मुख्यमंत्र्यांनी अठ्ठेचाळीस तासांत स्वतःच्या सहीने कारणे जाहीर करावीत, यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, कायदाही लागत नाही. एखाद्या मुख्यमंत्र्याने आजपासून सुरू केले तरी चालेल.

महाराष्ट्राला नेमक्या मागणीची ताकद माहीत आहे. २००३ मध्ये अण्णा हजारे यांच्या आंदोलनात मंत्र्यांची चौकशी करा, ही मागणी होती. सरकारला न्या. पी. बी. सावंत आयोग नेमावा लागला, २००५ मध्ये अहवाल आला आणि मंत्र्यांचे राजीनामे झाले. एप्रिल २०२१ मध्ये उच्च न्यायालयाने सीबीआयला प्राथमिक चौकशीचा आदेश दिला, त्याच दिवशी गृहमंत्री अनिल देशमुख यांनी पद सोडले. मार्च २०२५ मध्ये, बीडच्या मस्साजोग सरपंच हत्येच्या दोषारोपपत्रातली छायाचित्रे लोकांसमोर आल्यावर, स्वतः आरोपी नसलेल्या धनंजय मुंडे यांना मंत्रिपद सोडावे लागले. या तिन्ही वेळी सरकारे वेगवेगळी होती. आपल्या पक्षाच्या मंत्र्याबद्दल गप्प आणि दुसऱ्याच्या मंत्र्याबद्दल रस्त्यावर, असे वागणाऱ्यांनी या तिन्ही तारखा एकाच पानावर लिहून पाहाव्यात.

नोकऱ्यांसाठीच्या लाचेचा चेन्नईतला मूळ खटला अजून संपलेला नाही. जुलै २०२५ मध्ये त्यातल्या आरोपींची संख्या दोन हजारांच्या वर असल्याचे पाहून, याची सुनावणी घ्यायला क्रिकेटचे मैदान लागेल, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. त्या गर्दीत बहुसंख्य आहेत ते नोकरीसाठी पैसे दिल्याचे सांगितले जाणारे उमेदवार: बसचा वाहक व्हायला निघालेली, कर्ज काढून रक्कम जमवलेली पोरे, आता त्याच खटल्यात आरोपी. शपथविधीच्या त्या रविवारी राजभवनासमोर, वाहिन्यांवर, पत्रकार परिषदांत बालाजी यांचे नाव सर्वांच्या तोंडी होते. खटल्याची पुढची तारीख कोणती, हे मात्र त्या पोरांनाच तेवढे माहीत होते.